आधी खण मोजा, मग रोव्हर बांधा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझं काम पार अडकलं होतं, तेव्हा रात्री मी लॅपटॉपवर 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' खेळायचे. मेक्सिकोतल्या 'स्क्वॉड' कंपनीचा हा खेळ २०११ साली पहिल्यांदा लोकांसमोर आला. यात सुटे भाग जोडून तुम्ही रॉकेट बांधता, उडवता, आणि गणित चुकलं की आपटता. मला त्यातल्या 'मुन' नावाच्या चंद्रावर रोव्हर न्यायचा होता. सहा चाकांची झकास गाडी बांधली, आणि मग कळलं की ती रॉकेटमध्ये मावतच नाही! काटछाट केली, चाकं जवळ जवळ आणली. मुनवर उतरली आणि पहिल्याच वळणाला उलटली.

उलटणारच होती. वळणावर गाडी किती वेगाला उलटते, हे गुरुत्वाकर्षणाच्या वर्गमुळावर अवलंबून असतं. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, म्हणजे तीच गाडी त्याच वळणावर पृथ्वीच्या तुलनेत साधारण ४० टक्के वेगालाच कलंडते. म्हणून चाकं लांब लांब हवीत. पण रॉकेटला गाडी अरुंद हवी. आता करायचं काय?

नेमका हाच पेच १९६० च्या दशकात खऱ्या अभियंत्यांपुढे होता. सुरुवातीला कल्पना मोठ्या होत्या. 'मोलॅब' नावाची बंदिस्त, आत राहता येईल अशी फिरती प्रयोगशाळाच चंद्रावर न्यायची होती. पण तिच्यासाठी वेगळं सॅटर्न-५ रॉकेट लागलं असतं. एका मोहिमेला एकच रॉकेट, असं ठरलं आणि मोलॅब कागदावरच राहिली.

जनरल मोटर्समध्ये तेव्हा दोघं जण चंद्रावरच्या चाकांचा अभ्यास करत होते. एक मूळचे पोलंडचे एम. जी. बेकर, दुसरे मूळचे हंगेरीचे फेरेन्क पावलिक्स. मोलॅब बारगळल्यावर त्यांनी प्रश्नच बदलला. 'चंद्रावर कोणती गाडी हवी?' हे बाजूला ठेवून 'चांद्रयानात जागा कुठे उरली आहे?' इथून त्यांनी सुरुवात केली. यानाच्या खालच्या भागात एका कोपऱ्यात पाचरीच्या आकाराचा खण मोकळा होता. तेवढ्यात घडी होऊन बसेल अशी गाडी पावलिक्स यांनी आखली आणि तिचं एक षष्ठांश आकाराचं, रिमोटवर चालणारं मॉडेल बनवलं. त्यावर बसवला मुलाचा खेळण्यातला जी. आय. जो बाहुला! ते मॉडेल त्यांनी हंट्सव्हिलला वेर्नर फॉन ब्राउन यांच्या ऑफिसात थेट चालवत नेलं. कल्पना पटली. ऑक्टोबर १९६९ मध्ये कंत्राट बोइंगला मिळालं, चाकांचं काम जनरल मोटर्सकडे आलं, आणि १७ महिन्यांत पहिली गाडी तयार झाली.

गाडीची चौकट तीन भागांत बिजागऱ्यांनी जोडलेली, चाकं आत दुमडणारी. वजन सुमारे २१० किलो, पण ओझं पेलायची ४९० किलोचं. चाकं रबराची नव्हती, पोलादी तारेच्या जाळीची होती. खणात अरुंद, जमिनीवर रुंद; पेच असा सुटला.

याने फरक काय पडला? फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ चे दोघे अंतराळवीर हातगाडी ओढत 'कोन' विवराच्या काठाकडे चालत गेले. दमछाक झाली, दिशा समजेना, वेळ संपला. काठ हाकेच्या अंतरावर असताना ते परतले. त्याच वर्षी जुलैअखेरीस अपोलो १५ च्या स्कॉट आणि अर्विन यांनी रोव्हर उलगडला आणि तीन फेऱ्यांत जवळपास २८ किलोमीटर फिरले.

ही युक्ती पुढेही चालली. १९९७ साली मंगळावर उतरलेला सोजर्नर ३० सेंटिमीटर उंचीचा. प्रवासात मात्र १८ सेंटिमीटरमध्ये बसून गेला आणि तिथे पोचल्यावर उभा राहिला.

पण मॉडेलवर आंधळा विश्वास नको. माझ्या खेळात धूळ नाही. खऱ्या चंद्रावर १९७२ साली अपोलो १७ च्या रोव्हरचा मडगार्ड तुटला आणि सगळीकडे धूळ उडायला लागली. अंतराळवीरांनी नकाशे टेपने चिकटवून नवा मडगार्ड केला, तेव्हा काम पुढे सरकलं. मॉडेलमध्ये तुम्ही जे घातलंच नाही, त्याबद्दल ते काही सांगणार नाही.

तुम्ही आता प्रस्ताव लिहायला बसाल. विषय भव्य असेल, माझाही होता. मी रोव्हरच्या नादातून उठले आणि एका कागदावर माझा 'खण' लिहिला: फेलोशिपचे उरलेले महिने, उपकरणावर मिळणारे तास, हाती असलेले नमुने. मग चार प्रश्नांतले दोन काढून टाकले. उरलेल्या दोनांचं काम आता चालू आहे. तुम्ही हे दुसऱ्या वर्षाची वाट न बघता प्रस्तावाच्या आधीच करा.