कोलंबीचा पाय

माझी भाची सध्या इंग्लंडात असते. तिकडे तिने कुणाकडे तरी फिश पाय खाल्ला, तिला तो भारीच आवडला आणि मग फोनवर तिने मला विचारलं, "मावशी, आपण कोकणातली माणसं पिढ्यानपिढ्या मासे खातो. मग आपल्याकडे असलं काही का नाही गं?"

प्रश्न साधा होता, पण माझ्या डोक्यातून काही जाईना. आधी नावाचा घोळ मिटवते. पाय म्हणजे तंगडी नव्हे! सारण भरून पिठाच्या पारीत बंद करायचं आणि भट्टीत भाजायचं, तो पाय. थोडक्यात भाजलेली करंजीच, फक्त आकाराने ताटाएवढी.

युरोपात ही गोष्ट फार जुनी आहे. मध्ययुगात ती पारी बरेचदा खाण्यासाठी नसायचीच, ते एक भांडं होतं. जाड, कडक पिठाची पेटी करायची आणि आतलं मांस किंवा मासा त्यात शिजवायचा, टिकवायचा. इंग्रजीत तिला चक्क कॉफिन म्हणत. ईस्टरच्या आधीच्या उपवासात ख्रिस्ती लोकांना मांस वर्ज्य असे, पण मासा चालत असे. त्यामुळे माशांच्या पायांना चांगलाच मान मिळाला. ग्लॉस्टर शहराने आपल्याकडच्या वामीसारख्या लांबुळक्या दिसणाऱ्या लॅम्प्री माशाचा पाय राजाला पाठवायची जुनी प्रथा आहे. १९५३ साली दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकालाही तो गेला होता. वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर असलेला पाय मात्र अलीकडचा, कारण बटाटाच मुळी अमेरिकेतून आला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांमुळे आला आणि नावही त्यांचंच घेऊन बसला.

आता आमच्या रत्नागिरीकडे येते. पायाला तीन गोष्टी लागतात : मासे, खुसखुशीत पारी आणि वरून-खालून लागणारी आच.

माशांचं वेगळं सांगायला नको. मिरकरवाड्याच्या बंदरावर एक सकाळ घालवली की पुरे. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हासुद्धा खाडीची कोलंबी मिळते.

पारीचं म्हणाल तर कोकण हा भाताचा मुलुख. गहू इथे पिकत नाही, तो घाटावरून यायचा. तांदळाच्या पिठाला चिकटपणा नसतो, त्याची उकड काढून मोदक होतात, पण पातळ खुसखुशीत पारी लाटता येत नाही. असं असलं तरी दिवाळीला रवा-मैदा घरात येतच होता आणि साट्याच्या करंज्याही होत होत्या. साटा म्हणजे तूप आणि तांदळाचं पीठ पांढरंशुभ्र होईपर्यंत फेसायचं, ते पोळ्यांच्या थरांना लावायचं, गुंडाळी करून लाट्या कापायच्या आणि पुन्हा लाटायच्या. तळल्यावर पदर न् पदर सुटतो. विलायती बेकरीवाले थंड लोण्याच्या घड्या घालून हेच तर करतात. लोणी ३२ ते ३५ अंशांत वितळतं आणि आमच्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरच तेवढं तापलेलं असतं. साट्यात तांदळाचं पीठ तूप धरून ठेवतं, म्हणून इथल्या हवेतही पदर टिकतात. कुणा बाईने शोधलं असेल हे, तिचं नाव काही आपल्याला ठाऊक नाही.

राहिली भट्टी. ती धोंडसाच्या रूपाने घरोघरी होती. तवशाचा कीस, तांदळाच्या कण्या आणि गूळ यांचं मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात घालायचं, खाली मंद विस्तव ठेवायचा, वर झाकणावर निखारे. तासाभराने वरून-खालून खरपूस धोंडस तयार. ओव्हन म्हणजे तरी दुसरं काय?

म्हणजे तिन्ही गोष्टी एकाच घरात हजर होत्या, पण एका पातेल्यात कधी आल्या नाहीत. का?

मला वाटतं याचं उत्तर पाककृतीत नाही, भांड्यांत आहे. आमच्या सारस्वत घरात मासळीची भांडी वेगळी, ती मागीलदारच्या पडवीत. तिथे चूलही वेगळी. करंजी सणाची, नैवेद्याची. धोंडसाचं पातेलं घरातलं, त्याला माशाचा वास लागता कामा नये. शिवाय सोमवार, संकष्टी, एकादशी पाळायचे दिवस वेगळेच. मासा रोजचा आणि आवडीचा, पण कायम उंबऱ्याबाहेरचा.

आणि माणसांचंही तसंच होतं. आमची मोठी काकू चोविसाव्या वर्षी विधवा झाली. तेव्हापासून तिचे मासे सुटले. सुटले म्हणजे सोडायला लावले. खाणं सुटलं, करणं नाही! कोलंबी सोलायची तर काकूनेच, आमटीला वाटण लावायचं तेही काकूनेच. चाखता येत नसे, म्हणून ती वाफेच्या वासावरून मीठ ओळखायची आणि सहसा चुकायची नाही. सगळ्यांची जेवणं झाली की अंगावर पाणी घेऊन ती आत यायची आणि आपला वरणभात वाढून घ्यायची. साट्याच्या करंज्या तिच्यासारख्या कुणाला जमत नसत. धोंडसाच्या झाकणावर किती निखारे ठेवायचे हेही तिलाच विचारत. तिन्ही कला त्या एका जोडी हातांत होत्या. त्या एकत्र आणायची मुभा तेवढी त्या हातांना नव्हती.

विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला. आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं आणि त्याबद्दल गावाचा रोष पत्करला. शाळेत हे सगळं आम्ही पाठ केलं. पण ताटातल्या माशाबद्दल कुठला कायदा झाला नाही, आणि आमच्या घरात, एवढ्या शिकलेल्या माणसांत, तो विषयही कधी निघाला नाही.

जिथे ही भिंत नव्हती किंवा पातळ होती, तिथे काय झालं बघा. मुंबईच्या पाठारे प्रभूंकडे भानोलं आहे. बारीक चिरलेला कोबी, कोलंबी, बेसन, मसाला आणि सढळ हाताने तेल, हे सगळं कालवून वर-खाली निखारे ठेवून भाजलेलं. पारी नाही, पण पायाचं सख्खं भावंडच. याच समाजातल्या लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० साली छापून आलं. तिथल्या बायकांचं कसब असं कागदावर तरी उतरलं. खाली गोव्यात ख्रिस्ती घरांतून आपा द कामारांव करतात. तांदूळ आणि नारळाच्या गोडसर थरांमध्ये झणझणीत कोलंबी भरून भाजतात. कल्पना पोर्तुगीजांची, पीठ मात्र आपल्या शेतातलं. रत्नागिरी या दोन गावांच्या मधोमध, आणि आमचं पातेलं रिकामं!

असो. भाचीला नुसतं उत्तर देण्यापेक्षा करूनच बघू म्हटलं. अर्धा किलो कोलंबी सोलली, काळा धागा काढला. डोकी-सालं दोन भांडी पाण्यात उकळून, गाळून, ते पाणी वाटीभर होईपर्यंत आटवलं. कांदा परतला, त्यावर लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण, हळद, मग कोलंबी जेमतेम गुलाबी होईपर्यंत. आटवलेलं पाणी, वाटीभर नारळाचं घट्ट दूध, दोन आमसुलं आणि दाटपणाला चमचाभर तांदळाचं पीठ. हे सारण पूर्ण गार करायचं, नाहीतर पारी गिच्च होते. मैद्यात तुपाचं मोहन घालून खालची पारी लाटली आणि पातेल्यात नुसतीच दहा मिनिटं भाजून घेतली. त्यावर सारण, वरून साट्याची पारी, वाफ जायला मधोमध चीर. शेगडीवर करवंट्यांचे निखारे खाली थोडे, झाकणावर जास्त. पाऊण तास लागला आणि मध्ये एकदा झाकणावरचे निखारे बदलले. ओव्हन असेल तर १८० अंशांवर तेवढाच वेळ. पदर सुटले होते, आमसुलाचा आंबटपणा नारळाच्या दुधाला बरोबर धरून होता. घरातल्यांनी पातेलं पुसून खाल्लं.

पातेलं धोंडसाचंच वापरलं, जाणूनबुजून. काकूला जाऊन आता बरीच वर्षं झाली. भाचीला मी कळवलंय की आपल्याकडे पाय नव्हता, पण तो करू शकणारी बाई होती. तुमच्याही घरात अशी कुणी असेल आणि ती अजून हयात असेल, तर तिच्याकडून कृती लिहून घ्याच. आणि तिला काय खावंसं वाटायचं, तेही एकदा विचारा. आम्ही ते कधी विचारलं नाही.