चारचौघांत चालेल असा सुगंध

गेल्या जूनमध्ये माझ्या धाकट्या मुलाला पुण्याच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. बॅग भरता भरता त्यानं मला विचारलं, "अब्बा, मला एकच सेंट घ्यायचं आहे. वर्गात चालेल, लग्नात चालेल, मुलाखतीला चालेल आणि शेजारी बसणाऱ्यालाही आवडेल, असं कोणतं घेऊ?"

मित्रांनो, प्रश्न तसा साधा होता. दुकानात जाऊन दहा मिनिटांत सुटणारा. पण मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही, कारण हाच प्रश्न १९८७ साली मलाही पडला होता. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं आणि उत्तर सापडायला मला बी. ए.ची तीन वर्षं लागली.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून पुण्याला शिकायला आलो. अब्बा शिवणकाम करत. त्यांच्या लाकडी पेटीत अत्तराच्या दोन कुप्या असत, एक वाळ्याची आणि एक हिनाची. शुक्रवारी अंघोळ झाली की कापसाचा इवलासा फाया करून ते कानात ठेवत. घर सोडताना त्यांनी मला वाळ्याची कुपी देऊ केली. मला मात्र हिना हवा होता, कारण तो लग्नासमारंभात लावला जाई. म्हणजे तोच भारी, असा माझा हिशेब. हट्टानं मी तोच नेला.

पहिल्याच आठवड्यात पाऊस लागला. वर्गाच्या खिडक्या बंद, आत शंभरेक ओली मुलं आणि माझ्या मनगटांना, कॉलरला सढळ हातानं लावलेला हिना. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "दर्ग्यात आल्यासारखं वाटतंय रे!" वर्ग हसला. माझ्या शेजारचा मुलगा उठून दुसऱ्या बाकावर गेला. संध्याकाळी वसतिगृहाच्या नळाखाली साबण लावून लावून मी मनगटं लाल केली. पण अत्तर ते, दोन दिवस गेलं नाही.

मग मी ठरवलं, सगळे लावतात तसलं काहीतरी घ्यायचं. दुकानातली परदेशी सेंटं परवडणारी नव्हती. शेवटी मेडिकलच्या दुकानातून कोलनवॉटरची लहान बाटली आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लावून निघालो, तर खोलीतला कोकणातला मित्र काळजीनं म्हणाला, "काय रे, ताप आलाय का तुला?" त्याच्या घरी तापात कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवत. त्याच्या लेखी तो वास आजारपणाचा होता.

एका वासानं मला दर्ग्यात नेलं आणि दुसऱ्यानं दवाखान्यात! हे कोलनवॉटर मुळात औषध की सुगंध, या कुतूहलापोटी मी ग्रंथालयात शिरलो. तिथे जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगतो.

कोलोन हे जर्मनीतलं ऱ्हाईन नदीकाठचं शहर. हे पाणी तिथलं, पण ते करणारा माणूस तिथला नव्हता. जोव्हान्नी मारिया फरिना १६८५ मध्ये उत्तर इटलीतल्या सांता मारिया माज्जोरे या डोंगरी गावात जन्मला आणि पोटासाठी कोलोनला आला. तिथे त्याच्या भावानं १७०९ साली दुकान काढलं होतं. त्या काळी युरोपातल्या श्रीमंतांचे सुगंध कस्तुरी, अंबर, जवादी असे जड असत. फरिनानं स्पिरिटात बर्गमॉट, लिंबू, संत्रं, नारिंगाची फुलं, लॅव्हेंडर यांचे अर्क मिसळून एक हलकं, निर्मळ पाणी तयार केलं. १७०८ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं आपल्या या सुगंधाचं वर्णन केलं आहे. त्याला त्यात इटलीतली वसंतातली सकाळ, पावसानंतरची डोंगरफुलं आणि नारिंगाचा बहर आठवला. म्हणजे परक्या गावात बसून त्यानं आपलं गाव बाटलीत भरलं. नाव मात्र दिलं ज्या शहरानं आसरा दिला त्याचं. कोलोनचं पाणी, फ्रेंचमध्ये 'ओ द कोलोन'. आपल्याकडे त्याचंच 'यूडीकोलन' आणि पुढे 'कोलनवॉटर' झालं.

हे पाणी लोकांनी अंगाला लावलं, तसंच औषध म्हणूनही वापरलं. पुढे १८१० मध्ये नेपोलियननं हुकूम काढला की, गुप्त औषधांच्या कृती सरकारला सांगितल्या पाहिजेत. गुपित फुटलं तर धंदा बुडणार! मग कोलनवाल्यांनी सांगायला सुरुवात केली की हे औषध नव्हेच, हे निव्वळ सुगंधी पाणी. गंमत अशी की खुद्द नेपोलियन या पाण्याचा मोठा षौकीन होता. कागदावर औषधाचं सुगंधी पाणी झालं, तरी लोकांच्या मनातून औषध गेलं नाही. म्हणून तर पावणेदोनशे वर्षांनी पुण्यात माझ्या मित्राला तापाची आठवण झाली.

नकलाही अमाप झाल्या. आजच्यासारखे ट्रेडमार्कचे कायदे तेव्हा नव्हते, त्यामुळे फरिना हे नाव ज्यानं त्यानं बाटलीवर छापलं. त्यातलंच एक घराणं म्युलहेन्स यांचं. त्यांना अखेर फरिना हे नाव सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी आपल्या घराचा जुना क्रमांकच नाव म्हणून घेतला, ४७११. फ्रेंच फौजांनी १७९४ मध्ये कोलोन घेतलं, त्या काळात तिथल्या घरांना असे क्रमांक दिले गेले होते. ४७११ ची निळ्या-सोनेरी लेबलाची बाटली आजही विकली जाते, आणि फरिनांचं दुकानही चालू आहे.

पुढे रसायनशास्त्र आलं. पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८६८ मध्ये कुमारिन हा पदार्थ प्रयोगशाळेत बनवला. त्याला कापलेल्या वाळक्या गवताचा गोडसर वास असतो. तो वापरून १८८२ मध्ये पॅरिसच्या हुबिगाँ या पेढीनं 'फुजेर रोयाल' काढलं. लॅव्हेंडर, कुमारिन आणि ओकच्या झाडावर वाढणारं दगडफूल यांचं ते मिश्रण. दाढीच्या साबणाचा, न्हाव्याच्या दुकानाचा म्हणून जो 'पुरुषी' वास आपण ओळखतो, त्याचं मूळ इथं आहे. १९६६ मध्ये 'ओ सोव्हाज' आलं. जुन्या कोलनच्या लिंबाला त्यात हेडिओनची जोड मिळाली. चमेलीच्या वासाचा अभ्यास करताना हाती आलेलं हे द्रव्य. १९९४ च्या 'सीके वन'नं तर बाई-पुरुष हा भेदच काढून टाकला. तीनशे वर्षं झाली, पण चारचौघांत चालणाऱ्या सुगंधाचा पाया अजून फरिनाचाच आहे : लिंबाच्या जातीचा ताजेपणा, आणि तोही बेतानं.

हे सगळं वाचून मला वाटलं, ठरलं तर मग. सभ्य, सगळ्यांना चालणारा वास तो त्यांचा आणि जड, दर्ग्याचा वास तो आपला. ही समजूत माझ्या इतिहासाच्या सरांनी मोडली. कोलन आणि हिनाची कहाणी मी त्यांना हसत हसत सांगितली. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "अर्धाच इतिहास वाचलास. आता भांडारकर संस्थेत जा आणि प. कृ. गोडे वाच."

परशुराम कृष्ण गोडे हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर होते. भारतातल्या सुगंधी द्रव्यांच्या इतिहासावर त्यांनी जितकं लिहिलं, तितकं फार थोड्यांनी लिहिलं असेल. त्यांच्या लेखांतून मला कळलं की सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सुगंध बनवण्यावर एक अख्खं प्रकरण आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर यानं 'मानसोल्लासा'त राजाच्या सुखोपभोगांमध्ये सुगंधाला जागा दिली. आणि ज्यानं मला थक्क केलं ते असं : गंगाधराचा 'गंधसार' आणि 'गंधवाद' हे सुगंधावरचे जुने संस्कृत ग्रंथ गोड्यांनी एका दुर्मीळ हस्तलिखितातून उजेडात आणले, आणि त्यातल्या 'गंधवादा'वरची टीका मराठीत आहे. वाडवडिलांच्या काळात कुणीतरी मराठी माणूस सुगंधाच्या कृती मराठीत समजावून सांगत होता!

मग मी दुसरा धागा धरला. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदीनं अत्तरांच्या आणि अर्क काढण्याच्या कृतींचा ग्रंथ लिहिला. अकबराच्या खुशबूखान्याची हकिकत अबुल फजलनं 'आईन-इ-अकबरी'त किमतींसकट दिली आहे. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की, नूरजहानच्या आईनं, अस्मत बेगमनं, गरम गुलाबपाण्यावर आलेली साय गोळा करून गुलाबाचं अत्तर काढलं आणि सलीमा सुलतान बेगमनं त्याला 'इत्र-ए-जहांगिरी' नाव दिलं. कनौजला आजही तांब्याच्या 'देग'मध्ये फुलं उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून 'भपक्या'त उतरते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते. चंदन महागल्यापासून पुष्कळदा दुसरं तेल घालतात, हेही खरं. अत्तरात स्पिरिट नसतं, म्हणून आमच्याकडची जुनी माणसं नमाजाला जाताना तेच लावतात. स्पिरिट उडून जातं आणि तेल टिकतं, म्हणून कोलन तासाभरात विरतं आणि हिना दोन दिवस राहतो.

हे दोन्ही धागे महाराष्ट्रात कधीच एकमेकांत मिसळले आहेत. 'अत्तर' हा शब्द अरबी 'इत्र'चा. पण पेशव्यांच्या दरबारात निरोपाला विडा आणि अत्तरगुलाब दिला जाई, तेव्हा तो कुणाला परका वाटला नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या मनगटांना अत्तर लावून गुलाबपाणी शिंपडताना आजही वाटत नाही.

आणि ज्याला वर्ग हसला, त्या हिनात असतं तरी काय? मसाले, मुळ्या, जटामांसी आणि दगडफूल. तेच दगडफूल, जे आपल्या गोड्या मसाल्यात असतं. ज्याच्या जातभाईनं १८८२ च्या त्या पॅरिसच्या बाटलीला तळ दिला, तेही तेच. म्हणजे माझा वास ना मागच्या बाकाला परका होता, ना त्याच्या घरच्या आमटीला.

सुट्टीत गावी गेल्यावर मी अब्बांना सगळा प्रकार सांगितला. ते सुई थांबवून म्हणाले, "अरे, हिना थंडीत लावायचा असतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात वाळा, गुलाब, मोगरा. आणि लावायचा म्हणजे काडीच्या टोकाएवढा. मी वाळा देत होतो, तू कुठं ऐकलंस?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या वर्गात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या होत्या आणि मी त्या एक समजत होतो. बंद खोलीत मी इतका हिना लावला की शेजाऱ्याचा जीव गुदमरला. ती माझी चूक होती आणि तो उठून गेला यात त्याचं काही चुकलं नाही. पण मागून जो शेरा आला, तो वास किती आहे यावर नव्हता. तो वास कुणाचा आहे यावर होता. पहिली तक्रार ऐकून माणसानं सुधारावं. दुसरीसाठी साबणानं मनगट घासू नये. मी दोन्हींसाठी घासलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

मुलाला मी हे सगळं सांगितलं आणि आम्ही दोघं रविवार पेठेत गेलो. तिथे त्याला चार व्यवहाराच्या गोष्टी शिकवल्या. कागदाच्या पट्टीवर वास घेऊन बाटली विकत घेऊ नकोस, मनगटावर लाव आणि अर्धा तास बाजारात हिंड. आधी लिंबाचा वास येतो, तो लवकर उडतो. मग फुलं आणि मसाले, आणि शेवटी उरतो तो तळाचा, लाकडाचा नाहीतर मुळांचा. दिवसभर सोबत तोच करणार, म्हणून पसंती त्याच्यावर ठरव. एका वेळी दोन-तीनच हुंग, पुढे नाक थकतं. बाटलीवरचे शब्दही वाचून घे. कोलनमध्ये सुगंधी तेल साधारण दोन ते पाच टक्के असतं, 'ओ द त्वालेत'मध्ये पाच ते पंधरा आणि 'ओ द पार्फम'मध्ये पंधरा ते वीस. वर्गासाठी पहिले दोन पुरेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हातभर अंतरावरच्या माणसाला तो जाणवावा, खोलीतल्या सगळ्यांना नव्हे. आपल्या भाषेत एकाला दरवळ म्हणतात, दुसऱ्याला दर्प.

त्यानं अर्ध्या तासानं जे निवडलं, त्यात वर लिंबू आणि लॅव्हेंडर होतं आणि तळाशी वाळा. माठात आपण ज्याची जुडी टाकतो, तोच वाळा. परदेशातल्या अनेक नामांकित सेंटांच्या तळाशी त्याच मुळांचं तेल असतं. वर्गात, लग्नात, मुलाखतीत, कुठेही चालेल असं ते आहे. अब्बा १९८७ साली मला जे देत होते, तेच जवळजवळ मुलानं पैसे मोजून घेतलं.

निघताना हिनाची जुनी कुपी मात्र मीच त्याच्या बॅगेत ठेवली. म्हटलं, "थंडी पडली की लाव. काडीच्या टोकाएवढा."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)