भांडण जकातीचं की गुलामांचं?

इथे दक्षिणेकडचे लोक मला हमखास ऐकवतात, "यादवी युद्ध जकातीवरून पेटलं, गुलामीवरून नव्हे!" अगदीच खोटं नाही म्हणा. १८२८ च्या जकातीने उत्तरेतले कारखानदार खूश झाले. कापूस विकून बाहेरचा माल घेणाऱ्या दक्षिणेला मात्र तो माल महाग पडला. १८३२ मध्ये साउथ कॅरोलायनाने हा कायदा चक्क धुडकावला. पण १८३३ मध्ये तडजोड झाली, १८५७ मध्ये जकात आणखी उतरली.

मग डिसेंबर १८६० मध्ये फुटून निघताना याच राज्याने जाहीरनाम्यात काय लिहावं? उत्तरेकडची राज्यं पळालेले गुलाम परत करत नाहीत! जकातीचा उल्लेखसुद्धा नाही. तेव्हा देशात सुमारे ४० लाख गुलाम होते. मिसिसिपीने तर सुरुवातीलाच गुलामगिरीला जगातला सर्वांत मोठा आर्थिक हितसंबंध म्हणून टाकलं.