११.२७ ला पुसलेले तीनशे जीबी

३१ जानेवारी २०१७, मंगळवार. खालच्या सगळ्या वेळा यूटीसीतल्या आहेत. आपली वेळ हवी असेल तर साडेपाच तास मिळवावेत.

संध्याकाळी ५.२०. सहा तास शिल्लक.
प्रोग्रॅमर मंडळी आपला कोड गिटलॅबवर ठेवतात. कोडच्या फायली एका बाजूला, आणि कोणाचं खातं, कोणाचा प्रकल्प, कोणी काय शेरा मारला याची सगळी नोंद डेटाबेसमध्ये. हा डेटाबेस जेमतेम तीनशे जीबीचा. सिनेमे जमवणाऱ्या माणसाच्या घरातल्या मीडिया सर्व्हरवर याच्या दसपट माल सहज सापडेल.

डेटाबेसवरचा भार अनेक मशीनांत वाटता येतो का, हे एका इंजिनिअरला चाचणीच्या सर्व्हरवर करून पाहायचं होतं. त्यासाठी ताजा डेटा हवा, म्हणून त्याने चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट घेतला आणि तो चाचणीच्या सर्व्हरवर उतरवला. असा स्नॅपशॉट एरवी चोवीस तासांतून एकदा आपोआप निघायचा. हा जास्तीचा होता, स्वतःच्या सोयीसाठी काढलेला. बॅकअप म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

७.००. साडेचार तास शिल्लक.
डेटाबेसवरचा भार अचानक वाढला. लोकांना शेरे टाकता येईनात. संशय स्पॅमवाल्यांवर गेला आणि तो चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. कोणीतरी खोडसाळपणे गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध तक्रार केली होती. ते खातं नजरचुकीने काढून टाकायच्या यादीत गेलं होतं, आणि त्याचा सगळा डेटा पुसण्याचं काम मागच्या मागे चालू होतं. हे कळलं नंतर. त्या संध्याकाळी नुसता भार दिसत होता, आणि तो आवरण्यात काही तास गेले.

११.००. अर्धा तास शिल्लक.
मुख्य सर्व्हर डीबी १. त्याची सतत नक्कल करणारा डीबी २. मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल एका रोजनाम्यात लिहितो आणि दुसरा तो वाचून स्वतःत उतरवून घेतो. भार इतका होता की दुसरा मागे पडला, आणि त्याने वाचण्याआधीच पहिल्याने रोजनाम्याची जुनी पानं टाकून दिली. ती पानं इतरत्र जपून ठेवण्याची सोय पोस्टग्रेस या त्यांच्या डेटाबेस-सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण इथे ती वापरलीच नव्हती. आता एकच मार्ग उरला: दुसऱ्या सर्व्हरवरचा डेटा पूर्ण पुसायचा आणि पहिल्यावरून नव्याने नक्कल करायची.

घरी दोन डिस्कांचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला साठवणीचा डबा, आणून दोन्हींवर एकच डेटा उतरवणारे पुष्कळ जण ‘माझा बॅकअप आहे’ असं बिनधास्त सांगतात. एक डिस्क मेली तर दुसरी कामाला येते, हे खरं. पण लग्नाच्या व्हिडिओंचं फोल्डर चुकून पुसलं, तर ते त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरूनही जातं. गिटलॅबची तर ती दुसरी प्रतही या घटकेला मुद्दाम रिकामी केलेली होती.

काम आटोपून उठायच्या बेतात असलेला तोच इंजिनिअर पुन्हा बसला. नक्कल करणारा प्रोग्रॅम सुरू केला. तो काही बोलेना. काही प्रयत्नांनंतर त्याने जोडण्या कमी पडत असल्याची तक्रार केली. जोडण्यांची मर्यादा ३ वरून ३२ केली, तर पोस्टग्रेस सुरूच होईना: एकूण जोडण्यांचा आकडा ८,००० ठेवलेला होता, तो आता त्याला जड झाला. या आकड्यावर तो जवळजवळ वर्षभर चालला होता. आकडा २,००० वर आणल्यावर पोस्टग्रेस उठला. नक्कल मात्र पुन्हा मुकी.

खरी गंमत इथे आहे. मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला लागेपर्यंत हा प्रोग्रॅम गप्पच बसतो. ते त्याचं नेहमीचं वागणं. कोणत्याही माहितीपुस्तिकेत ते धड लिहिलेलं नव्हतं, एवढंच. इंजिनिअरला वाटलं, आधीच्या प्रयत्नांत अर्धवट फायली राहिल्या असतील, त्या आड येत असतील. फोल्डर एकदा साफ करावं.

११.२७.
त्याने डिलीटची कमांड दिली. सेकंद-दोन सेकंदांत लक्षात आलं की समोरची खिडकी डीबी २ ची नाही, डीबी १ ची आहे. कमांड थांबवली. तीनशे जीबींतले साडेचार उरले होते.

आपण यापुढे आज कोणतीही कमांड चालवू नये हेच बरं, असं त्याने स्वतःच सांगितलं आणि काम सहकाऱ्याकडे सोपवलं. या घटनेची आठवण निघाली की लोक त्याचीच गोष्ट सांगतात. मला ती या रात्रीतली सर्वांत कमी महत्त्वाची वाटते. दमलेला माणूस चुकीच्या खिडकीत टाइप करणारच.

मध्यरात्रीपर्यंत.
आता बॅकअप शोधायचा होता. अ‍ॅमेझॉनच्या एस३ या क्लाउड-साठ्यावर डेटाबेसचा रोजचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, जायला हवा होता. तिथे काहीच नव्हतं. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप काढणारा प्रोग्रॅम ९.२ चा. आवृत्ती जुळत नाही म्हणून तो दर वेळी निमूट बंद पडत होता. तसं झालं की ईमेल यायची व्यवस्था होती. ते ईमेल निघतही होते. पण त्यांवर डिजिटल सही नसल्याने कंपनीचीच मेलव्यवस्था ते नाकारत होती. म्हणजे ज्या प्रोग्रॅमचं गप्प राहणं नेहमीचंच होतं त्याच्यावर संशय घेतला गेला, आणि ज्याने खरोखर दगा दिला होता त्याचं गप्प राहणं कोणाला खुपलंच नाही.

अ‍ॅझ्युअर या क्लाउडवरचे डिस्क-स्नॅपशॉट? फायलींच्या सर्व्हरांसाठी चालू होते, डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी कधी चालूच केले नव्हते. नक्कल-सर्व्हर? रिकामा. बॅकअप आणि नकलेचे पाच मार्ग कागदावर होते; त्यांतला एकही भरवशाचा नाही, अशी कबुली कंपनीनेच दिली.

उरला चाचणीच्या सर्व्हरवरचा स्नॅपशॉट. तोच, ५.२० चा. ज्याच्या हातून डेटा गेला त्याच्याच हातचा. त्याला त्या संध्याकाळी प्रयोगाची हौस वाटली नसती, तर सहाऐवजी जवळजवळ चोवीस तासांचा डेटा गेला असता.

१ फेब्रुवारी, दिवसभर.
प्रत मिळाली, पण चाचणीच्या सर्व्हरच्या डिस्का स्वस्तातल्या, संथ. सुमारे ६० मेगाबिट प्रतिसेकंद. आज पुण्या-मुंबईत कित्येक घरांत याहून वेगवान ब्रॉडबँड असतं. डेटा परत उतरवायला अठरा तास लागले. दिल्लीत अर्थमंत्री अरुण जेटली भारतीय वेळेनुसार सकाळी अकराला अर्थसंकल्प वाचायला उभे राहिले, तेव्हा गिटलॅबची कॉपी अजून बरीच बाकी होती. कॉपी करायला किती वेळ लागेल याचा हिशेब घरी एकदा करून ठेवावा; चार टेराबाइट क्लाउडवर ठेवणं सोपं असतं, खाली उतरवायला आठवडे लागू शकतात.

एक गोष्ट गिटलॅबने धाडसाची केली. काय बिघडलं, काय चाललंय, हे सगळं लिहिलेली टिपणं लोकांना खुली ठेवली आणि दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. एका वेळी पाच हजार लोक फाइल कॉपी होताना बघत होते.

संध्याकाळी ५.०० ते ६.००.
डेटाबेस उभा राहिला, तासाभरात बाकीचं काम संपलं. कोडच्या फायली वेगळ्या असल्यामुळे सुखरूप होत्या. गेलं ते असं: निदान ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० शेरे, सुमारे ७०० नवी खाती. सेवा खुली करण्याआधी डेटाबेसमधले सगळे क्रमांक एक लाखाने पुढे ढकलले. पुसल्या गेलेल्या तासांत जे क्रमांक वाटले गेले होते, ते लोकांच्या ईमेलमध्ये आणि लिंकांमध्ये अजून शाबूत होते; ढकलले नसते तर तेच क्रमांक दुसऱ्या कोणाच्या तरी प्रकल्पाला चिकटले असते.