बाटलीतली बंदूक

सोळाव्या शतकातील अलेक्झांडर नोवेल हे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचे डीन होते आणि त्यांना मासेमारीचा मोठा नाद होता. एकदा नदीकाठच्या गवतात ते एलची, म्हणजे इंग्लंडमध्ये घरोघरी बनणाऱ्या बिअरची, बाटली विसरून आले. काही दिवसांनी तिचे बूच उघडले, तो बंदुकीसारखा बार झाला! थॉमस फुलर यांच्या १६६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात इंग्लंडमधील बाटलीबंद एलचा उगम असा सांगितला आहे. नोवेल १६०२ मध्येच वारले होते, त्यामुळे ही कथा जपूनच स्वीकारावी.

बार मात्र सहज शक्य आहे. एलमधले जिवंत यीस्ट उरलेली साखर खात राहते. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बाटलीतच कोंडतो. फुलर यांच्या कितीतरी आधी, १६१५ मध्ये, जर्व्हेस मार्कम यांनी गृहिणींसाठीच्या पुस्तकात यावर तजवीज दिली होती: अरुंद तोंडाच्या गोल बाटल्या थंड तळघरात अर्ध्या वाळूत रोवाव्यात आणि बुचे भक्कम दोऱ्याने बांधावीत. बूच उडाले की एल वाया गेलीच. म्हणजे फसफस घरातल्या बायकांना चांगलीच ठाऊक होती. श्रेय तेवढे डीनसाहेबांना मिळाले.

दीर्घकाळ मुरलेल्या इंग्लिश बिअरच्या खास चवीचा उलगडा व्हायला मात्र १९०४ साल उजाडले. नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या शर्करा सावकाश खाऊन चामड्यासारखा, तबेल्यासारखा गंध आणणारे दुसरेच यीस्ट त्यात होते. ते ओळखले कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमधील नील्स क्लाउसेन यांनी. डॅनिश संशोधकाने त्याला नाव दिले ‘ब्रेटानोमायसिस’, अर्थात ब्रिटिश बुरशी.