आकाशगंगेनं भिरकावलेले तारे

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. खरे लेखक आपल्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर! त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी लिहून काढली होती. कथेला बक्षीस मिळालं.

त्याच वर्षी अमेरिकेत ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना आपल्या आकाशगंगेच्या मधोमध एक लहानसा रेडिओस्रोत सापडला. तिथं प्रचंड कृष्णविवर असावं असा संशय होता. पण ज्यातून उजेडही सुटत नाही, ते दाखवायचं कसं?

१९८८ साली जॅक हिल्स यांनी गणित मांडलं. एकमेकांभोवती फिरणारी ताऱ्यांची जोडी त्या विवराजवळून गेली, तर ती तुटेल. एक तारा तिथंच अडकेल, दुसरा गोफणीतल्या दगडासारखा सुटेल, इतका जोरात की आकाशगंगेलाही त्याला परत ओढता येणार नाही. असा एक जरी तारा सापडला, तरी विवराचा तो जवळजवळ पक्का पुरावा.

सतरा वर्षं तसा तारा मिळाला नाही. २००५ साली वॉरेन ब्राउन (हे वेगळे ब्राउन) अ‍ॅरिझोनातून दूरचे निळे तारे तपासत होते, तेही दुसऱ्याच कामासाठी. त्यातला एक सेकंदाला सुमारे ७०० किलोमीटर वेगानं बाहेर निघालेला!

दरम्यान अँड्रिया गेझ आणि राइनहार्ड गेन्झेल यांच्या गटांनी मध्याभोवती फिरणारे तारे वर्षानुवर्षं मोजले. तिथली वस्तू चाळीस लाख सूर्यांच्या वजनाची निघाली. दोघांनाही २०२० चं नोबेल मिळालं. त्या ताऱ्यांतले काही तुटलेल्या जोड्यांतले, मागं राहिलेले असावेत, असं मानतात.

२०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीतून सेकंदाला १,७५५ किलोमीटर धावणारा तारा सापडला. त्या वेगानं कोल्हापुरातून निघालं, तर सेकंद पुरा व्हायच्या आत दिल्ली मागं पडेल. त्याची वाट उलटी काढत नेली, ती आकाशगंगेच्या मध्याशी पोचली. ४८ लाख वर्षांपूर्वी तो तिथून सुटलाय. आपल्याकडं बोलण्यावरून बाईचं माहेर ओळखतात, इथं चालीवरून ओळखलं.

दिवाळीच्या सुमाराला रात्री आठला दक्षिणेकडं, क्षितिजाच्या थोडं वर, बक तारकासमूह दिसतो. तो तारा त्याच भागात आहे. नुसत्या डोळ्यांनी मात्र दिसत नाही.