बहात्तरचा दुष्काळ आमच्या घरातून अजून गेलेला नाही

पोस्ट जरा लांबली आहे. पण ज्यांच्या घरातलं एखादं पोरगं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

परवा पुतण्या पुण्याहून गावी आला. वय 29. सहा वर्षं झाली, अभ्यासिका, मेस आणि जाहिरातीची वाट. जेवताना मी सहज विचारलं, "दुसरं काही करावंसं वाटत नाही का रे?" तो म्हणाला, "वाटतं ना काका. पण आप्पांना कोण सांगणार?"

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, त्याचे आजोबा. 1972 च्या दुष्काळात ते विशीत होते. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव तेव्हा अख्खं रस्त्याच्या कामावर. पुरुष खडी फोडायचे, बाया पाट्या वाहायच्या. खायला मिलो, कामावर सुकडी. आप्पांची एक गोष्ट आमच्या घरातल्या प्रत्येक पोराने ऐकलीय. एक दिवस आमच्या आबांना ताप होता. तासभर उशिरा पोचले. लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या हजेरी कारकुनाने मस्टरवर खाडा मांडला. दिवसाची मजुरी गेली. घरी आल्यावर आबा एवढंच बोलले, "आपलं एक तरी पोरगं त्या खुर्चीत बसलं पाहिजे."

आबा गेले, खुर्ची मात्र घरातच राहिली. माझ्या वडिलांना मिळाली नाही. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा आप्पा महिनाभर बोलले नव्हते. आता पाळी पुतण्याची.

हे एकट्या आमच्या घरातलं नाही. मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. त्या प्रत्येकाने एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली: पाऊस गेला तर शेतकऱ्याचं सगळं जातं, पगारवाल्याचा पगार जात नाही. तो धडा तेव्हा शंभर टक्के खरा होता. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले, त्याला बेकारी कारण आहेच. पण त्या अर्जांमागे कितीतरी घरांतल्या अशा खुर्च्याही आहेत, असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू. त्याच दुष्काळातली एक गोष्ट आपण पोरांना सांगितलीच नाही. तेव्हा लोक नुसते दगड फोडत बसले नव्हते. काम द्या, धान्य द्या, मजुरी वेळेवर द्या म्हणून गावोगाव मोर्चे निघाले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बाया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. 1977 ला कायदा झाला, 1979 पासून लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. पुढे 2005 च्या देशपातळीवरच्या कायद्याला याच योजनेची वाट मिळाली.

आणि गंमत बघा. या योजनेला पैसा हवा म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कर आला. आजही नोकरदाराच्या पगारातून तो कापला जातो. म्हणजे खुर्चीतल्या माणसाच्या पगाराचा एक वाटा दगड फोडणाऱ्याच्या हक्कासाठी बाजूला निघू लागला. हे मिळवलं कुणी? खाडा पडलेल्यांनीच. पण आमच्या घरात आठवण राहिली ती फक्त खुर्चीची.

सरकारी नोकरी वाईट असं मी म्हणत नाही. पोरानं जरूर प्रयत्न करावा. पण दहा लाखांतून साडेचार हजार निवडले जाणार असतील, तर उरलेल्यांना आपण घरात काय म्हणून वागवणार? नापास? आपणच त्यांच्या नावापुढे खाडा मांडणार का?

काल मी हे आप्पांशी बोललो. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी कुठं साहेब हो म्हणत होतो रे? त्याच्यावर कुणी खाडा मांडू नये, एवढंच माझं म्हणणं."

पुतण्या दारातच उभा होता. त्याने सहा वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं. डिसेंबरची परीक्षा तो देणार आहे. त्यानंतरचं आम्ही तिघं बसून ठरवणार आहोत.

तुमच्याही घरात अशी एखादी खुर्ची असेल. पोरांना ती गोष्ट जरूर सांगा, फक्त अर्धी सांगू नका.